तीन सत्ता आणि एक तवा

उद्देशिका

अमेरिकेची राज्यघटना मी कुणालाही एका सकाळीत समजावून देऊ शकतो. कुणालाही! माणूस जागा असला म्हणजे झालं. खरं तर झोपलेल्यांनाही मी सव्वीस वर्षं शिकवतोय. एल्म फोर्कच्या शाळेतला राज्यशास्त्राचा तास दुपारच्या जेवणानंतर असतो.

गावात चाळिशीच्या आतला जो कोणी आहे, तो माझ्या हाताखालून गेलेला आहे. अशा या विषयावर लव्हॉन ट्रास्कबाईंनी कुऱ्हाड उचलली. बाई शाळा समितीच्या अध्यक्ष. दुकानात अंड्यांच्या फळीपाशी त्यांनी मला गाठलं.

“ऑस्टबी सर, वाईट वाटून घेऊ नका. पण सोमवारच्या बैठकीत तुमचा विषय बंद करायचं घाटतंय.”

“बंद? का?”

“अहो, ते सगळ्यांना माहीतच असतं. तीन सत्ता, एकीचा दुसरीवर लगाम, नकाराधिकार. टीव्हीवर रोज रात्री तेच तर चालू असतं! त्यापेक्षा पोरांना गाडीचं चाक बदलायला शिकवू.”

चाक! ज्या घटनेसाठी पंचावन्न शहाणी माणसं फिलाडेल्फियात उन्हाळाभर खिडक्या लावून घामाघूम झाली, तिच्या जागी चाक!

“बाई,” मी म्हणालो, “शनिवारी बंबखान्यात पॅनकेकची न्याहारी आहे. तुम्ही या. हा विषय शिकलेलं गाव कसं चालतं ते डोळ्यांनी बघा. मग ठरवा.”

[मार्लिसचं भिन्नमत: मी या माणसाची बायको. मी त्याला अंडी आणायला पाठवलं होतं. त्यानं घटना आणली, अंडी नाही.]

कलम पहिलं: कायदे कोण करणार

बंबखान्याची न्याहारी दरवर्षी होते. आमच्या हौशी अग्निशमन दलाचा प्रमुख ड्वेन केसलर एकटाच पीठ कालवतो, एकटाच भाजतो आणि कुणी तक्रार केली तर एकटाच ती फेटाळतो. सगळी सत्ता एका हाती! यालाच आपण हुकूमशाही म्हणतो. (ड्वेन याला ‘शनिवार’ म्हणतो. माझ्या विषयात तो दोनदा नापास झालेला आहे.)

मी न्याहारीची घटनाच लिहून काढली आणि सत्तेची वाटणी केली. पिठात काय पडेल हे कायदेमंडळ ठरवणार. तव्यावर उलथनं ड्वेन चालवणार. आणि भांडण झालं तर न्याय करणार ऑर्फा आजी, आमच्या जुन्या पोस्टमास्तरीण, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. वर एक मूलभूत हक्क: प्रत्येक नागरिकाला समान पॅनकेक मिळेल. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

कायदेमंडळाची दोन सभागृहं केली. खालचं अग्निशमन दलाच्या जवानांचं. वरच्यात गावातल्या प्रत्येक चर्चच्या दोन दोन बायका. शनिवारी सकाळी पहिली ठिणगी तिथेच पडली.

“आमच्या चर्चला चारशे माणसं,” लूथरन पंथाच्या जॉयसबाई म्हणाल्या. “त्या क्वेकरांकडे अकरा. आणि मतं दोघांनाही दोनच?”

“तीच तर गंमत आहे!” मी टाळी वाजवली. “लहान मोठ्याखाली चिरडू नये म्हणून. तडजोड आहे ती, बाई! ऐतिहासिक!”

“असेल. पण माझ्याशी कुणी केली?”

कोपऱ्यात ट्रास्कबाई रिकामी प्लेट घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसलो. त्या प्लेटकडे बघत होत्या.

अखेर दोन्ही सभागृहांत कायदा मंजूर झाला: पिठात ब्लूबेरी घालाव्यात. एवढंच. माणसं यायला लागली तेव्हा रांग दारापर्यंत होती, आता ती पेट्रोलपंपापर्यंत पोचली होती.

कलम दुसरं: अंमलबजावणी कोण करणार

“सर, मला नकाराधिकार आहे ना?” ड्वेननं विचारलं.

माझा ऊर भरून आला. “आहे, ड्वेन! आठवतंय तुला!”

“मग नाही.”

“काय नाही?”

“ब्लूबेरी नाही. तव्याला चिकटते. तवा मी घासतो, तुमचं कायदेमंडळ नाही.”

रांगेतून कोणीतरी ओरडलं, “अरे, काहीही घाला, पण वाढा!” पण घटनेत रांगेला बोलण्याची सोय मी ठेवली नव्हती. कायदा परत दोन्ही सभागृहांत गेला. दोन तृतीयांश बहुमत! नकाराधिकार मोडला! असा क्षण माझ्या वर्गात सव्वीस वर्षांत आला नव्हता. मी एका अनोळखी ट्रकवाल्याला मिठी मारली.

“बरं,” ड्वेन म्हणाला, “कायदा तो कायदा.” आणि त्यानं भाजायला घेतलं. दलातल्या मित्रांच्या पॅनकेकवर मूठभर ब्लूबेरी. बाकीच्यांना एकेक.

“ड्वेन, हे काय?”

“कायद्यात किती घालायच्या ते कुठे लिहिलंय? अंमलबजावणी माझ्याकडे आहे, सर. तुम्हीच शिकवलंत.”

[मार्लिसचं भिन्नमत: मला अर्धी आली होती.]

कलम तिसरं: न्याय कोण करणार

रांगेतला माइलो ग्रेंज आपली प्लेट घेऊन थेट ऑर्फा आजींपुढे उभा राहिला. “आजी, मला एक, पुढच्याला नऊ. समान पॅनकेकचा हक्क गेला कुठे?”

आजींनी आधी मला बोलावलं. “काय रे, माझी नेमणूक आजन्म आहे ना?”

“हो, आजी. म्हणजे न्यायाधीश कुणाला भिणार नाही.”

“मला कुणी उठवू शकत नाही?”

“नाही.”

“मग उशी आण.”

उशी आली. आजी टेकल्या. मग त्यांनी हुकूम काढला: “निकाल लागेपर्यंत जैसे थे. तव्याला कुणी हात लावायचा नाही.”

तव्यावर तेव्हा बारा पॅनकेक होते. ड्वेननं उलथनं ठेवलं आणि पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले.

“ड्वेन, उलट ना ते!”

“कोर्टाचा अवमान होईल, सर.”

“करपताहेत!”

“करपू देत. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्या विषयात बरोबर उत्तर देतोय.”

“आजी, लवकर काहीतरी…”

“न्यायाला घाई नसते,” आजी म्हणाल्या आणि पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली.

बारा पॅनकेकांनी आधी पांढरा धूर सोडला. मग करडा. मग असा की ट्रास्कबाई दिसेनाशा झाल्या. आणि मग छतावरचा भोंगा वाजला!

भोंगा वाजला की आमच्या जवानांना दुसरं काही कळत नाही. अख्खं खालचं सभागृह उठलं, टोप्या घातल्या, बंबावर चढलं आणि घंटा ठणठणत निघून गेलं. आग शोधायला!

“अरे, आग इथे आहे! इथे!” मी मागे धावलो. त्यांनी मला हात हलवून निरोप दिला.

कलम चौथं

हे कलम लिहायचं राहून गेलं होतं. चूक तिथे झाली.

“आता कायदा बदला!” जॉयसबाई खोकत म्हणाल्या.

“खालचं सभागृह गेलंय. गणपूर्ती नाही.”

“मग आम्ही वरच्याच बदलतो.”

“एकट्या नाही बदलू शकत, बाई!”

“ड्वेन, तू अग्निशमन दलाचा प्रमुख ना? विझव!”

“आत्ता मी एप्रनमध्ये आहे,” ड्वेन हात वर ठेवूनच म्हणाला.

मी आजींपुढे गुडघ्यांवर बसलो. “आजी, हुकूम मागे घ्या!”

“कुणी अर्ज केला तर घेईन.”

“मी करतो!”

“तू पक्षकार नाहीस. माइलोला आण.”

“माइलो! कुठे गेला माइलो?”

“तो होय?” ट्रकवाला म्हणाला. “समोरच्या हॉटेलात ऑम्लेट खायला गेला.”

तेव्हा धुरातून मार्लिस आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. गॅसची कळ फिरवली, तव्यावर ओला टॉवेल टाकला, मागचं दार उघडलं.

“कुठल्या अधिकारात?” आजींनी कडक आवाजात विचारलं.

“प्रजा,” मार्लिस म्हणाली. “भुकेली.”

आजींनी गोळी दुसऱ्या गालात सरकवली. “हं. त्याच्या वर अपील नाही.”

आणि मग प्रजा आत घुसली. कुणी तवा खरवडला, कुणी अंडी फोडली. ट्रकवाला पीठ फेटायला लागला, क्वेकर बाई आणि जॉयसबाई एकाच भांड्यातून ब्लूबेरी वाटू लागल्या. ज्याला हव्या त्यानं घेतल्या, नको त्यानं सोडल्या. ड्वेन उलथनं घेऊन मध्ये उभा राहिला आणि जो जे म्हणेल ते मुकाट्यानं उलटत गेला. बंब पाण्याच्या टाकीला दोन फेऱ्या घालून परतला. जवान म्हणाले, आग कुठे सापडली नाही. त्यांना आधी वाढलं. खिडक्यांतून ऊन आलं, मेपलच्या पाकाचा वास धुरावर चढला. खरं सांगतो, इतकी चांगली न्याहारी बंबखान्यात कधी झाली नव्हती. मी स्वतः चार खाल्ले.

पाचवा प्लेटमध्येच राहिला, कारण ट्रास्कबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या भुवईवर काजळी होती. संपला, मी मनात म्हटलं. विषय संपला. सोमवारपासून चाक.

“ऑस्टबी सर, माझं चुकलं,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“तुमचा विषय बंद करणं म्हणजे वेडेपणा ठरेल. चालू ठेवायचा. शिवाय एका वर्षाचा दोन वर्षांचा करावा, असा ठराव मी स्वतः मांडणार आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होताच, पण त्यानं नाही. “बाई! म्हणजे तुम्हाला पटलं!”

“हो ना. पण एक सांगा, ही सगळी मंडळी तुमचेच विद्यार्थी ना?”

“सगळे!” मी छाती पुढे काढली. “आजी आणि तो ट्रकवाला सोडून सगळे!”

“आणि यापुढेही तुम्हीच शिकवणार?”

“अर्थात!”

“तेच म्हणतेय मी,” बाईंनी पाकाची बाटली ओढून घेतली. “मग एका वर्षात नाही व्हायचं.”

सोमवारी ठराव एकमतानं मंजूर झाला. कारण काय दिलं होतं, ते मी कुणाला सांगत बसलो नाही. लोक विसरतातच. माझ्या विषयातलं तर हमखास!