मुद्रावाचन समिती आणि फोटो क्रमांक दोनशे चौदा

माणूस खोटं बोलतो, पण त्याचा चेहरा कधीच खोटं बोलत नाही. तो फक्त नीट वाचावा लागतो, आणि त्यासाठी समिती लागते. एकोणिसाव्या शतकात पोलिसांनी काढून ठेवलेले कैद्यांचे फोटो आम्ही पाच जण (पैकी चौघांना चष्मा) अकरा वर्षं वाचतो आहोत. खटल्यांचे कागद वाळवीने फस्त केले. चेहरे तेवढे शाबूत आहेत.

पद्धत शास्त्रशुद्ध आहे. नजर कॅमेऱ्याकडे असेल तर माणूस निर्ढावलेला. दुसरीकडे असेल तर मनात काळंबेरं. डोळे मिटलेले असतील तर चांगलाच पोचलेला. आजवर तपासलेल्या सहाशे बारा चेहऱ्यांपैकी सहाशे बारा दोषी निघाले. इतकी अचूकता कुठल्या न्यायालयाला जमली आहे?

मागच्या मंगळवारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. नोंदवहीत दोनशे चौदा नंबरला त्यांच्या पणजोबांचं नाव होतं.

"साहेब, त्यांचा दुसरा फोटोच नाही. बाबांनी आपल्या आजोबांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि आता नव्वदी गाठलीय. फार आस लागलीय हो त्यांना."

मला वाईट वाटलं. (अर्जात त्यासाठी रकाना नाही.) नियमाप्रमाणे निर्दोष माणसाचाच फोटो घरच्यांना मिळतो.

वाचन सुरू झालं. मान ताठ, सबब मग्रूर.

"अहो, हलू नये म्हणून तेव्हा मानेमागे लोखंडी चिमटा लावायचे!" बाई म्हणाल्या.

चिमटा लावावा लागला, म्हणजे पळायच्या बेतात होता, अशी नोंद झाली. तोंड जरा पुसट आलेलं, सबब साथीदाराशी कुजबुज.

"शिंक आली असेल हो!"

पोलिसांदेखत शिंक. उद्धटपणाचं कलम वाढलं.

तेवढ्यात शिपायाने फोटो उलटा केला. मागे लिहिलं होतं: 'कॅमेरा तपासण्यासाठी बसवलेले आपले फौजदारसाहेब.'

समितीने ताबडतोब फेरवाचन केलं. मान ताठ, सबब कर्तव्यदक्ष. तोंड पुसट, कारण हुकूम सोडत होते. एकमताने निर्दोष! अकरा वर्षांतले पहिले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"पण आमचे पणजोबा गवंडी होते," बाई हळूच म्हणाल्या. मग काय वाटलं कोण जाणे, फोटो पिशवीत घालून निघून गेल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. बाबांनी फोटो छातीशी धरला, "नाक अगदी माझंच गं," म्हणाले आणि पोटभर रडले.

वाचकहो, हसू नका. फौजदारांचा फोटो तुम्ही पाहिलेला नाही. मिशांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. तरी त्यांना मिशा लावून मोकळे झालात ना? समितीत सहावी जागा रिकामी आहे. अर्ज करा.