चोविसावा नट

"एक नट कमी आहे," परीक्षक थ्रेलफॉल म्हणाले. त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं आणि वहीत तीन गुण कापले.

क्लिफर्ड हॉयल या वाक्याची सात वर्षं वाट पाहत होता. "कमी नाहीये," तो शांतपणे म्हणाला. "खऱ्या इंजिनावरही तो नाही."

चर्चच्या हॉलमध्ये मॉडेल क्लबचं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं. टेबलावर हेदरशॉ कापड गिरणीचं वाफेचं इंजिन होतं, फुटाला एक इंच या मापाने केलेलं. खरं इंजिन दुमजली घराएवढं. त्याचं नाव हॅना मॅटिल्डा, आणि त्या खोऱ्यात त्याला सगळे 'ती' म्हणत. गिरणी कधीच बंद पडली होती; इंजिन मात्र काही हौशी मंडळी सांभाळत आणि महिन्यातून एका रविवारी वाफेवर चालवत. क्लिफर्डने तिची प्रतिकृती घरामागच्या शेडमध्ये घडवली होती. मोठ्या सिलिंडरच्या झाकणावर गोलाकार चोवीस दांडे, त्यांवर मुगाच्या दाण्याएवढे तेवीस नट. चोविसावा दांडा उघडा होता. त्याचे आटे नजरेला दिसणार म्हणून ते नीट पाडण्यात अकरा संध्याकाळी गेल्या होत्या.

"फोटो आहे?" थ्रेलफॉलनी विचारलं.

फोटो एकच होता. त्यात कठड्यापाशी क्लिफर्डची बायको एनिड उभी होती आणि तो दांडा नेमका तिच्या टोपीमागे होता.

"मला काय माहीत?" शेजारी उभी असलेली एनिड म्हणाली. "मला वाटलं, माझा फोटो काढतोयस."

तीन गुण मिळाले तर क्लिफर्ड पहिला, गेले तर तिसरा. चषकाचं एक वेळ सोडा. पण क्लबच्या वहीत 'हॉयल एक नट विसरला' असं कायमचं राहणार, हे त्याला गिळवेना.

थ्रेलफॉल कडक होते, पण अन्याय करणारे नव्हते. त्यांनी मॉडेलपुढची पाटी पुन्हा वाचली. 'हॅना मॅटिल्डा, आज उभी आहे तशी.' "उद्या ती वाफेवर आहे," ते म्हणाले. "जाऊन मोजू. तोवर निकाल राखून ठेवतो."

रविवारी सकाळी एनिडने गाडी काढली. थ्रेलफॉलना गुडघ्यांमुळे पुढची जागा दिली. मागे क्लिफर्ड मांडीवर डब्यात पार्किन केक घेऊन बसला होता आणि दर दोन मैलांनी म्हणत होता, "डाव्या बाजूला, खालून तिसरा."

"कळलं रे," थ्रेलफॉल म्हणाले. "मला मोजता येतं."

"ईस्टरला मी स्वतः पाहिलाय."

"क्लिफर्ड," एनिड म्हणाली, "तो उंदीर नाहीये, पळून जायला."

इंजिनघरात चाळीसेक माणसं जमली होती. गरम तेलाचा वास दारातच येत होता. तिघं कठड्यापाशी गेले. थ्रेलफॉलनी वरपासून उजवीकडे मोजलं. मग डावीकडे मोजलं. मग चष्मा बदलला.

"चोवीस," ते म्हणाले.

"दांडे चोवीस. नट म्हणतोय मी."

"नटच मोजले."

क्लिफर्डने मोजले. चोवीस. त्याने एनिडला मोजायला सांगितलं. "चोवीस," ती म्हणाली आणि त्याचा चेहरा बघून तिने हळूच जोडलं, "साधारण."

डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या जागी, एक भरभक्कम हिरवा नट बसला होता. क्लिफर्डचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, तेव्हा त्याने हातांना विचारायचं ठरवलं. सहासष्टाव्या वर्षी तो कठडा ओलांडून आत उतरला आणि त्याने नट मुठीत धरला. नट खरा होता. रंगही खरा होता आणि ओला होता. तो कोटाच्या बाहीला कोपरापर्यंत लागला.

"ओ काका!" इंजिनचालक सिड बर्टविसल वरच्या चौथऱ्यावरून ओरडला. "बाहेर या आधी! ती आता सुटेल आणि तुमची पोळी लाटेल!"

"हा नट कुणी बसवला?" क्लिफर्डने विचारलं. आवाजात रडकुंडीची छटा होती.

"हा होय!" सिड खूश झाला. तो हात पुसत खाली आला आणि चाळीस माणसांना ऐकू जाईल असा बोलू लागला. "अहो, मजाच आहे त्याची. आठ वर्षांपूर्वी कुणा खवट माणसाचं पत्र आलं. तीन पानं! आकृतीसकट! म्हणे तुमचा एक नट गायब आहे, धोका आहे, ताबडतोब लक्ष द्या. आमच्या कमिटीने ताबडतोब लक्ष दिलं. तीन वर्षं हे काम कुणाचं यावर गेली. मग कळलं की असले आटे हल्ली कुणी पाडतच नाही. मग म्हाताऱ्या एर्नीला गळ घातली. तो चौऱ्याऐंशीचा. बरा असेल तेव्हा लेथवर उभा राहायचा. परवा मंगळवारी बसवला बघा. रंग तर काल रात्री दिला."

पत्र भिंतीवर आगीच्या बादलीशेजारी चौकटीत लावलं होतं. थ्रेलफॉल तिकडे गेले आणि त्यांनी तिन्ही पानं सावकाश वाचली. एनिडला पहिली ओळ पुरली.

"क्लिफर्ड," ती म्हणाली, "हे तुझं अक्षर आहे."

क्लिफर्डला आठवलं. उत्तर आलं नाही, म्हणजे नट बसणार नाही, असं धरून त्याने पुढे झाकण घडवलं होतं. पण त्याच क्षणी त्याला दुसरंही उमगलं आणि तो ताठ झाला. "मिस्टर थ्रेलफॉल! हाच पुरावा! तारखेसकट! नट नव्हता!"

"नव्हता," थ्रेलफॉलनी मान्य केलं. "मंगळवारपर्यंत नव्हता. प्रदर्शन शनिवारी होतं. तुझी पाटी म्हणते, आज उभी आहे तशी. चार दिवसांनी चुकलास."

एनिडला वाटलं, आता भांडण होणार. पण क्लिफर्डने मनात हिशेब तपासला. मंगळवार, शनिवार, चार. परीक्षकाच्या जागी तो असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं. "बरोबर आहे," तो म्हणाला आणि हिरव्या बाहीकडे बघत राहिला.

"थांबा, थांबा," सिड म्हणाला. "पत्र तुमचं? तुम्हीच ते?"

"मीच तो खवट."

सिडने टोपी काढली. "काका, कमिटीचा ठराव आहे. आठ वर्षं साधं उत्तर दिलं नाही, लाज वाटली आम्हाला. पत्रवाला कधी आलाच, तर वाफ त्याने सोडायची. चला वर."

क्लिफर्डला वर कसं नेलं, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. समोर वाफ सोडायचं पितळी चाक होतं, हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं. "अर्धा फेरा," सिड कुजबुजला, "आणि थांबा. पुढचं ती बघेल."

क्लिफर्डने अर्धा फेरा दिला. काहीच झालं नाही. मग पायाखालची फरशी किंचित थरारली. इंजिनाचं चाळीस टनांचं मोठं चाक आधी हलल्यासारखं वाटलं नाही. त्याच्यावरचा उजेड तेवढा सरकला. मग त्याच्यावरचे दोर सळसळले, सिलिंडरमधला लांब दांडा पुढे आला, मागे गेला, आणि तेलाचा एक ओला उसासा सगळ्या दालनात पसरला. गडगडाट नव्हता. एवढं लोखंड एखाद्या झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं वर-खाली होत होतं. चाकाच्या वाऱ्याने खाली एनिडचा रुमाल उडाला. तिने तो उचलला नाही. हॅना मॅटिल्डाच्या प्रत्येक भागाचं माप क्लिफर्डला पाठ होतं. वजन त्याला आज कळलं. तो रडत होता, आणि डोळे पुसताना अर्ध्या चेहऱ्याला हिरवा रंग लागत होता.

वीस मिनिटांनी तो खाली आला तेव्हा सिडने त्याच्या हातात चहाचा मग दिला. एनिडने पार्किनचा डबा उघडला. थ्रेलफॉल मात्र कुठे दिसेनात.

ते कठड्याच्या पार टोकाला सापडले. एकतीस वर्षं परीक्षक असलेल्या या माणसाने ते पितळी चाक आजवर कठड्याबाहेरूनच पाहिलं होतं. आता दुखरा गुडघा फरशीला टेकून ते वाकले होते. भिंग बाहेर होतं, ओठ हलत होते.

"ह्यांना काय झालं?" सिडने विचारलं.

"काही नाही," एनिड म्हणाली. "आणखी काही कमी आहे का, ते बघतायत."

"सांगा त्यांना, पत्र पाठवलं तरी आमच्या कमिटीला आठ वर्षं लागतात."

थ्रेलफॉल एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी मान वर केली नाही.

"थांबेन की," ते म्हणाले.