पार्वतम्माचं गॅजेट

"इंग्रजांचा हा शब्द आमच्या माहेरी कधीचाच होता," वर्षाराणीनं कणकेच्या हातानंच जाहीर करून टाकलं.

शब्द होता गॅजेट. तिच्या तिसरीतल्या लेकीला, तनुजाला शनिवारी शाळेत त्याचा अर्थ आणि जन्मकथा सांगायची होती. शिवाय वर्गात कुणी पाहिलं नसेल असं एक गॅजेट घरून न्यायचं होतं. वर्षाराणीनं मोबाइलवर शोधलं. जहाजावरचे खलाशी म्हणे ज्या वस्तूचं नाव आठवेना तिला गॅजेट म्हणायचे. हा शब्द मुळात कुठून आला, ते इंग्रजांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

वर्षाराणीला मात्र आपल्या घरातला शब्द पक्का ठाऊक होता. तिची आई पार्वतम्मा बिदरकडची, कानडी बोलणारी. लग्न होऊन लातूरला आली तेव्हा मराठी स्वयंपाकघरातल्या निम्म्या वस्तू तिला बिननावाच्या होत्या. ती सगळ्यांना 'अदु' म्हणायची. अदु म्हणजे ते. "वर्षा, अदु आण," म्हटलं की वर्षाराणी बरोब्बर तेच आणायची. सवय अशी लागली की अख्खं घर अदुवर चालायचं आणि खरी नावं कुणी शिकलंच नाही.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आई ज्यानं कानवले कापायची त्या पितळी अदुचा स्पर्श एकदा तनुजाच्या हाताला व्हावा, एवढंच वर्षाराणीला हवं होतं. तिनं नांदेडहून लातूरला वडिलांना, बसवंतअप्पांना फोन लावला.

"अप्पा, आईचं अदु बसच्या ड्रायव्हरजवळ द्या की."

"कोन्तं अदु?"

"चाक असलेलं. कानवल्याची कड कापायचं."

"हाव हाव, देतो."

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर ड्रायव्हरनं सीटखालून पोतं ओढलं. आत विहिरीवरचं लोखंडी चाक! ते घेऊन तिसरा मजला चढताना वर्षाराणीचा श्वास खालच्याच मजल्यावर राहिला.

"अप्पा, रहाटाचं नाही हो! छोटं. कडेला दात असलेलं."

"मग दाताचं म्हन की आधी."

पुढच्या बसनं करवत आली. तोच ड्रायव्हर होता. "ताई," तो हळूच म्हणाला, "घरी सगळं ठीक हाय ना?"

वर्षाराणीला हसू यायचं तिथं रडू आलं. अप्पा विसरायला लागले की काय? आईचा एक शब्द उरला होता, तोही आता कुणाला कळणार नव्हता. फोनवर तिनं कानवले, दिवाळी, आईचं पाटावर बसणं, सगळं सगळं सांगितलं. पलीकडून नुसतं "हं" आलं.

शनिवारी सकाळी दारात बसवंतअप्पा उभे. लेकीच्या घरी राहू नये म्हणून कधी न आलेले अप्पा! हातात पिशवी नव्हती. त्यांनी कोपरीच्या आतल्या खिशातून रुमाल काढला. त्यात ते पितळी चाक होतं, वळणदार दांड्याचं, घासून सोन्यासारखं केलेलं.

"पहिल्याच फोनला कळलं होतं," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "पन तिची ही एवढीच वस्तू माझ्या खिशात मावती. ड्रायव्हरच्या हाती कशी देऊ?"

वर्षाराणीनं त्यांना पाणी दिलं.

शाळेत तनुजानं झकास सांगितलं. खलाशी सांगितले, आज्जी सांगितली, आणि ते चाक उंच धरून विचारलं, "ओळखा, हे काय?"

"पिझ्झा कटर!" अख्खा वर्ग ओरडला.

बाईंनीही मान डोलावली. कुणी पाहिलं नसेल अशा वस्तूचं बक्षीस एका मुलाच्या कंदिलाला गेलं.

"पिझ्झा म्हंजी?" मागच्या बाकावर वर्षाराणीशेजारी बसलेल्या अप्पांनी तिला विचारलं.

"कानवल्यासारखंच असतं, अप्पा. फक्त मिटवायचं राहून गेलेलं."

पाचच्या बसला त्यांना बसवायला ती पोतं घेऊनच गेली. करवत त्यांनी घेतली. अदु परत ठेवलेला छातीवरचा खिसा एका हातानं दाबून धरत रहाटाच्या चाकाकडं पाहिलं. "ते राहू दे तुला. जड हाय."

बस गेली. चाक छातीशी धरून ती ऑटोत चढली.

"ताई, विहीर कुठं पाडली?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर," वर्षाराणी म्हणाली आणि डोळे पुसले.