अध्यक्षांचं झाड

विश्रामबागेतल्या एका कॉलनीच्या बागेत विष्णुपंतांचं झाड वाळलं, आणि तेही निवडणुकीच्या आठवड्यात. विष्णुपंत कॉलनीचे अध्यक्ष. पावसाळ्यात वृक्षारोपण त्यांनीच घडवून आणलं होतं. प्रत्येक घराचं एक रोप, रोपाला जाळी आणि जाळीवर मालकाच्या नावाची पाटी. पाटी रोपापेक्षा मोठी. फोटो झाले, पेढे झाले. पाणी तेवढं राहून गेलं.

"झाडाला पाणी घालावं लागतं म्हणतात," प्रमोदिनीबाई नवऱ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या.

"अध्यक्षानं बादली घेऊन फिरायचं? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणालेच. विरोधातले उमेदवार देवदत्त यांनी वाळक्या काटकीचा पाटीसकट फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बागेचं भवितव्य!'

विष्णुपंतांनी पहाटेच पाटी उचकटली आणि कोपऱ्यातल्या दोन मजली उंच, जुन्या करंजावर खिळे मारून ठोकली. मग स्वतःच फोटो टाकला, 'निगा राखली की झाड असं वाढतं.' सहा महिन्यांत झालेल्या एवढ्या वाढीबद्दल कॉलनीतल्या एकाही पदवीधराला शंका आली नाही. अंगठे मात्र भराभर आले.

रविवारी मतदानाला सगळे बागेत जमले. तेवढ्यात झाडं तोडणारे ठेकेदार लालासाहेब करवत आणि माणसं घेऊन आत शिरले.

"अध्यक्ष कुठं हायती? करंज पाडायला आलोय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" विष्णुपंत ओरडले.

"आवं, तुमीच की! गाडीवर पाला पडतोय म्हणून उन्हाळ्यापास्नं मागं लागलायसा. काल परवानगी आली, आज आलो."

"वा! स्वतःचंच झाड पाडता होय विष्णुपंत?" देवदत्त मोठ्यानं म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. खुर्ची जाणार हे विष्णुपंतांना स्वच्छ दिसलं. त्यांनी धावत जाऊन करंजाला मिठी मारली.

"आधी माझ्यावर करवत चालवा!"

"त्याची परवानगी न्हाई, साहेब," लालासाहेब शांतपणे म्हणाले.

मिठी न सोडता विष्णुपंतांनी सावली, प्राणवायू आणि पाखरं यांवर भाषण ठोकलं. बायकांनी डोळे टिपले. लालासाहेब वैतागून परत गेले. देवदत्तांनी माघार घेतली आणि विष्णुपंत बिनविरोध निवडून आले.

कॉलनीनं या प्रसंगातून लगेच बोध घेतला. संध्याकाळपर्यंत घरोघरच्या माणसांनी रोपांवरच्या आपापल्या पाट्या काढून जुन्या झाडांवर ठोकल्या. गुलमोहरावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. देवदत्तांच्या वाट्याला कडुलिंब आला. रोपं बेवारस झाली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पाहणीला निघाले, तर प्रमोदिनीबाई बादली घेऊन रोपांपाशी.

"अगं, ती आता कुणाचीच नाहीत. कशाला पाणी घालतेस?"

"म्हणून तर घालता येतंय. एरवी प्रत्येकापुढे मालक फोटोला उभा! आता सरका बघू, आळ्यात उभे आहात."