भास्करभाऊंचं दहाचं टपाल

आमच्या वडनेरच्या वाचनालयात ग्रंथपाल भास्करभाऊ कंप्युटर सुरू करतात तेव्हा आधी चष्मा पुसतात, मग टोपी नीट बसवतात आणि पडद्याला विचारतात, "टपाल हाये का बे?"

अख्ख्या गावाशी अहो-जाहो करणारा हा माणूस फक्त त्या यंत्राला बे म्हणतो. आणि खरं सांगतो, टपाल असतं. कंप्युटर इतका जुना की लिनक्सशिवाय त्याच्यावर दुसरं काही चालेना. भाऊंच्या मुलीनं, वर्षानं, नोकरीसाठी बंगळूरला जाण्याआधी ते बसवून दिलं. इंटरनेट नाही, काही नाही. पण हा कंप्युटर आतल्या आत भाऊंना पत्रं टाकतो. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, त्याची यादी रोज संध्याकाळी येते. हनुमानाच्या शेपटीएवढी. भाऊ ती दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.

मी गावातला गणिताचा मास्तर. कंप्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून मलाच बोलावणं येतं. शंभरदा सांगितलं असेल, भाऊ, वाचून झालं की पुसत जा.

"काऊन पुसायचं? त्यानं रीतसर लिहिलं, आपण रीतसर ठेवायचं."

या 'रीतसर'नं गावाला जेरीस आणलंय. परत दिलेल्या पुस्तकात पानाचा कोपरा दुमडलेला निघाला तर भाऊ रागवत नाहीत. तो कोपरा नखानं सरळ करत बसतात, आणि तेवढा वेळ तुम्हाला समोर उभं ठेवतात. मी एकदा वीस मिनिटं उभा होतो. मुख्याध्यापकांसमोरही इतका उभा राहिलो नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "मास्तर, टपाल बंद पडलं. तीन दिवस झाले."

आवाज असा की मला वाटलं, घरात कोणी आजारी आहे. मधल्या सुटीत धावत गेलो. भाऊ दाढी वाढवून बसलेले. टोपी टेबलावर.

"यादी नाही आली तं काय बिघडलं, भाऊ?"

"यादी जाऊ द्या चुलीत."

मी चाटच पडलो. हा माणूस यादीला चुलीत घालतो म्हणजे प्रकरण वेगळं आहे.

"दहाचं नाही आलं," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की सकाळी दहाला आणखी एक पत्र येतं. वर्षा जाताना याच कंप्युटरवरच्या तिच्या खात्यातून लावून गेली होती. रोज एकच ओळ: 'बाबा, बीपीची गोळी घेतली का?' खाली तिचं नाव. ती काही रोज लिहीत नाही. कंप्युटरच तिच्या नावानं वेळेवर टाकतो.

खुर्ची ओढली. दहाचं पत्र सुटतंय का पाहिलं; सुटत होतं. टपाल वाटणारा प्रोग्रॅम चालू आहे का, चालू होता. मग त्याची नोंदवही उघडली. ओळीमागून ओळ एकच रड: पेटीत जागा नाही. एकेका माणसाच्या पेटीला मर्यादा ठरलेली असते. भाऊंनी चार वर्षांच्या याद्या जपून जपून ती गळ्यापर्यंत भरली होती.

"सांगत होतो ना? आता याद्या पुसू द्या मले."

भाऊंनी माझं मनगट धरलं. मग सोडलं.

"पुसा. पोरीचं तेवढं एकबी नका पुसू."

ते सोडलेलं मनगट मला बघवेना. मर्यादा वाढवायला सेटिंगमधली एकच ओळ बदलावी लागते. तेवढी बदलली. एकही यादी पुसली नाही.

परत फिरलेली पत्रं धाडणाऱ्याच्या पेटीत जातात, म्हणून वर्षाची पेटी पाहिली. ती तीन होतीच. त्यांच्या खाली हजारावर पत्रं, सगळी भाऊंनी धाडलेली, एकही कोणी उघडलेलं नाही.

कसं सांगावं कळेना. शेवटी हळूच म्हणालो, "भाऊ, तुमची उत्तरं वर्षाले भेटत नाहीत. हे टपाल या डब्याच्या बाहेरच पडत नाही."

भाऊंनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "माहीत हाये मास्तर. रविवारी तिचा फोन येते. तिले सांगतो, मजेत हाये. इथं खरं लिहितो."

काहीतरी करायचं म्हणून दहाचं पत्र हातानं सोडलं. पडद्यावर ओळ आली, टपाल आहे. भाऊ पत्रातली ती एकच ओळ यादीएवढा वेळ वाचत राहिले, मग एकेका बोटानं उत्तर टंकू लागले. मी चहाचं निमित्त करून उठलो. वाचायचं नव्हतं, पण दिसलंच.

'नाही घेतली. तीन दिवस कोणी विचारलं नाही.'

चहा राहू दिला. माठातून पाण्याचा गिलास भरला, त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, गोळी कुठं ठेवली हाये?"