वरचं पाकीट

"माणूस दुकानात शिरला की मी त्याचा नंबर सांगतो! मशीनला नंतर विचारायचं!" असं आमचा चष्मेवाला छाती फुगवून सांगत असे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. वीस वर्षं तो एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासत होता. पाटीवरची सगळ्यात खालची ओळ कोण खरंच वाचतो, कोण अंदाजपंचे ठोकून देतो आणि कोण आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून पाठ करून आलाय, हे तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्यामुळे मनातलं ओळखण्याच्या प्रयोगांवरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं तेव्हा त्याला वाटलं, अरेच्चा, हे तर आपल्याला आधीपासूनच येतंय! फक्त कोट शिवायचा राहिलाय.

काळा कोट शिवून झाला. तो घालून त्याने पहिला प्रयोग शेजारच्या काकूंवर केला. त्यांच्याकडे रोखून बघत तो म्हणाला, "सध्या तुम्हाला कसली तरी काळजी लागून राहिली आहे."

"हो ना," काकू म्हणाल्या, "तुम्ही सकाळपासून जिन्यात असे का उभे आहात, हीच."

एवढ्यावर कुणी दुसरा असता तर कोट परत पेटीत गेला असता. पण आमच्या चष्मेवाल्याने तो प्रयोग 'निम्मा यशस्वी' अशा खात्यात टाकला. काळजी होती ना? मग!

आता त्याला हवा होता खराखुरा प्रेक्षक. तो त्याच्या बायकोच्या शाळेत होता. बायको तिथे गणित शिकवायची. उपमुख्याध्यापिकेची जागा सहा महिने रिकामी होती, आणि ती आपल्याच बायकोला मिळावी असा त्याने ध्यास घेतला होता. मुख्याध्यापिकांना, म्हणजे शाळेच्या भाषेत मोठ्या बाईंना, कुणी तरी नाव सुचवण्याचाच काय तो अवकाश होता. सत्र संपताना शिक्षकांचं चहापान असतं, त्यात करमणुकीचा कार्यक्रम हवा होता. चष्मेवाल्याने बायकोला न विचारता फोन करून आपलं नाव देऊन टाकलं!

"माझ्या शाळेत?" बायकोने पोळपाटावरून मान वर केली. "माझ्या मोठ्या बाईंपुढे?"

"अगं, तुझ्याचसाठी! ऐक. सगळे जण आपल्या मनातली एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालतील. तुझं पाकीट मी ढिगाच्या तळाशी ठेवणार. मग वरचं पाकीट न उघडता कपाळाला लावायचं आणि म्हणायचं, इथे कुणी तरी लहानपणी आरशासमोर उभी राहून मुख्याध्यापिका व्हायची. तू लगेच उठून म्हणायचंस, अय्या, हे मीच लिहिलंय!"

"मी कधी असं केलं?"

"केलंस असं धर! मग खात्री करून घ्यायला म्हणून मी ते पाकीट उघडणार. आत असणार दुसऱ्याच कुणाचं तरी, समज गायनाच्या बाईंचं. ते मनात वाचायचं आणि पुढचं पाकीट कपाळाला लावून बोलून दाखवायचं. असं एकेक पाऊल पुढे. शेवटी तुझं पाकीट उरतं, तोवर माझं सगळ्यांचं सगळं सांगून झालेलं!"

बायकोने लाटणं बाजूला ठेवलं. "म्हणजे माझी चिठ्ठी कुणी वाचणारच नाही?"

"कुणीच नाही. मी उघडली तरी बघणार नाही. काहीही लिही!"

"काहीही?" तिने पुन्हा विचारलं, आणि मग "बरं" म्हणाली. समोरच्या माणसाचा आवाज ओळखणाऱ्या आमच्या चष्मेवाल्याला त्या "बरं"मध्ये काहीही ऐकू आलं नाही. तो तेव्हा कोटाची बटणं लावत होता.

पाकिटाला बारीक खूण करून ठेवा, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. पण खुणा नवशिक्यांनी कराव्यात, असं त्याने ठरवलं.

शिक्षकांच्या खोलीत वह्यांचे गठ्ठे खिडकीत सरकवून जागा केली होती. चहा, बिस्किटं, पंधरा-वीस माणसं. मोठ्या बाई पुढच्या खुर्चीत हातांची घडी घालून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पंखासुद्धा दबकून फिरत होता. चष्मेवाल्याने पाकिटं वाटली, गोळा केली, बायकोचं तळाशी ठेवलं आणि ढीग टेबलावर ठेवून कोटाच्या बाह्या नीट करायला वळला.

तेवढ्यात चित्रकलेचे सर पुढे आले. अत्यंत टापटिपीचा माणूस. वेडावाकडा ढीग त्यांना बघवेना. त्यांनी तो उचलला, टेबलावर आपटून चारही कडा जुळवल्या आणि अलगद पालथा ठेवला. "आता कसं छान दिसतंय!" म्हणून ते जागेवर जाऊन बसले.

चष्मेवाल्याने वरचं पाकीट कपाळाला लावलं, डोळे मिटले. "इथे कुणी तरी... लहानपणी... आरशासमोर उभी राहून मुख्याध्यापिका व्हायची!"

"अय्या, हे मीच लिहिलंय," बायको उठून म्हणाली. हजेरी द्यावी तसं म्हणाली, पण म्हणाली. टाळ्या पडल्या. मोठ्या बाईंनी घडी सोडली आणि तिच्याकडे कौतुकाने पाहिलं.

चष्मेवाल्याने ऐटीत पाकीट उघडलं. आत बायकोचं अक्षर होतं. गणिताच्या बाईंचं, ठसठशीत, एका रेषेतलं: 'मला उपमुख्याध्यापिका व्हायचं नाही. मला फक्त वर्गात शिकवायचं आहे. घरी हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही.'

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. एक तर एवढ्या वर्षांत ही गोष्ट आपल्याला कळली नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. आणि दुसरं म्हणजे आता पुढच्या पाकिटासाठी सांगायला त्याच्याकडे काहीही नव्हतं! सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. त्याने दुसरं पाकीट कपाळाला लावलं. डोकं कोरं. डोळ्यांपुढे फक्त ते अक्षर. आणि जे डोळ्यांपुढे होतं तेच तोंडातून निघून गेलं.

"इथे... एका व्यक्तीला... पद नको आहे."

बायकोने डोळे घट्ट मिटून घेतले.

"माझंच ते!" हेडक्लार्क ओरडले. "हेडक्लार्क झाल्यापासून मला पचत नाही!"

"छे, माझं!" पीटीचे सर उभे राहिले. "मला शिट्टी नको! मला पेटी शिकवायची होती!"

आणि मग मोठ्या बाई सावकाश उठल्या. "नाही," त्या म्हणाल्या, "ते माझं आहे. चिठ्ठीत मी गुडघेदुखीचं लिहिलंय. पण मनात हेच होतं. लिहिलेलं कुणीही वाचेल, यांनी न लिहिलेलं वाचलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाला "अहो, तसं नाही" म्हणत होता, पण ऐकतो कोण!

"दोन वर्षं मी हे पद सोडायचं म्हणतेय," मोठ्या बाईंचे डोळे भरून आले. "पण शाळा कुणाच्या हाती द्यायची? आता तेही कळलं! जी मुलगी लहानपणापासून आरशासमोर मुख्याध्यापिका होत आली, तिला उपमुख्याध्यापिकेची मधली पायरी कशाला? मी आजच समितीला सांगते!"

गायनाच्या बाईंनी बायकोला मिठी मारली. पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली. उरलेली पाकिटं कुणी विचारलीसुद्धा नाहीत.

घरी जाताना बायको दोन चौक त्याच्यापुढे झपझप चालत राहिली. तिसऱ्या चौकात म्हणाली, "वाचलंत ना?"

"वाचलं."

"मग?"

"उद्याच जाऊन सगळं निस्तरतो. शपथ!"

दुसऱ्या दिवशी कोट न घालता तो मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बसला. पाकिटं, ढीग, चित्रकलेचे सर, आरसा, सगळं त्याने पोपटासारखं सांगून टाकलं. बायकोची चिठ्ठीही पुढे ठेवली. "ही बघा! मला कुणाच्या मनातलं काही म्हणजे काही कळत नाही हो!"

मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि हसल्या. "याला म्हणतात विनय. दोघांमध्येही! पद नको म्हणणाऱ्यालाच ते द्यावं, असं मी नेहमी म्हणते. आणि तुमचं म्हणाल, तर एवढी मोठी विद्या असून तिचा गर्व नाही!"

"विद्या नाहीच आहे, बाई!"

"असं? मग आत्ता माझ्या मनात काय आहे, सांगा बरं."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि टेबलावरची फाइल जवळ ओढली. चष्मेवाल्याने सुस्कारा सोडला. "मी आता उठावं, असं तुमच्या मनात आहे."

"बघा!" मोठ्या बाई टेबलावर थाप मारून म्हणाल्या. "आणि म्हणे कळत नाही!"

तो बाहेर आला. दाराशी बायको उभी होती. बोलणं सगळं ऐकू आलं होतं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. आणि आमच्या चष्मेवाल्याला आयुष्यात पहिल्यांदाच, पाकीट कपाळाला न लावता, समोरच्या माणसाच्या मनातलं अक्षर न् अक्षर स्वच्छ वाचता आलं. ते इथे छापण्यासारखं नाही.