स्क्रीनसेव्हरला दिलेला हुकूम

संगणकाला हुकूम कसा सोडायचा हे आमच्या अख्ख्या गावात दोनच जणांना कळतं. एक आमचे शाळेतले सर आणि दुसरी मी, आचल, इयत्ता दहावी! सर त्या दिवशी रजेवर होते. म्हणजे एकटी मीच.

आमच्या मासेमार सोसायटीला मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, सोडायला बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, हवी होती. ऑनलाइन अर्जाची मुदत त्याच दिवशी चार वाजता संपत होती. अर्ज राहिला, की वर्षभर तलावात नुसतं पाणी! ग्रामपंचायतीतले ऑपरेटर प्रवीणभाऊ अर्ज भरून, तिथल्याच संगणकावर उघडा ठेवून सिंदेवाहीला मीटिंगला गेले. आम्ही फक्त तो वाचून शेवटचं बटण दाबायचं होतं.

फक्त! पण आमच्या सोसायटीचा नियम पहिल्यापासून पक्का आहे. कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, प्रत्येक ओळीला सगळ्यांनी "हो" म्हणायचं, आणि मधे खंड पडला की पुन्हा पहिल्या ओळीपासून.

ओळी होत्या पंधरा. आणि दोन मिनिटं कुणी हात लावला नाही, की पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे रंगीत मासे पोहायला लागायचे!

"खंड पडला!" अध्यक्ष झाडूभाऊ लगेच जाहीर करायचे. "पयल्यापासून वाच."

"पन तो लाल मासा कोनता व्हय?" गोकुळाकाकू विचारायच्या. त्यावर पाच मिनिटं चर्चा. असं चार वेळा झालं. साडेतीन वाजले.

"माऊस हालवत राह्य ना, आचल," बाबा म्हणाले.

"बाबा! माऊस हालवायले काय, घरचं मांजरही चालते! आता कमांडचा जमाना आहे. मी स्क्रीनसेव्हरले सांगतो, गप झोपून राह्य!"

मी कमांड लिहायची काळी खिडकी उघडली. बेत साधा होता. दर मिनिटाला आपोआप एक हुकूम सुटेल, 'डिॲक्टिव्हेट', आणि मासे येणारच नाहीत. टकाटक टाईप केलं, एंटर मारलं, आणि विमान उडवल्यासारखी मागे टेकले.

पडदा काळा झाला. मधोमध एक चौकट आली. पासवर्ड!

शाळेत डबा खायला जाताना आम्ही रोज 'लॉक' हा हुकूम देतो. माझ्या बोटांनी सवयीनं तोच लिहिला होता.

"काऊन वो, थांबली काऊन?" झाडूभाऊंनी विचारलं.

"सुरक्षा वाढवली, भाऊ."

"कोनापासून? आपल्याचपासून?"

प्रवीणभाऊंना फोन लावला. ते मीटिंगमध्ये कुजबुजत होते, इकडे फोन स्पीकरवर होता. "बायकोचं नाव, नीलिमा. मंग लग्नाचं साल. दोन हजार एकोनीस."

"एकोनीस?" झाडूभाऊ गरजले. "लगन तं अठराले झालं! मी सोता भात वाढला!"

"भाऊ, हळू बोला! नीलिमाबी मीटिंगले आली आहे, बाजूलेच बसून आहे!"

पुढे फोनमधून एका बाईचा आवाज आला आणि फोन बंद झाला. एकोणीस टाकलं. उघडलं! तीन सदतीस. मी रेल्वेसारखी वाचत सुटले. पाचव्या ओळीवर पडदा काळा!

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. हुकूम दर मिनिटाला सुटत होता! आधी दोन मिनिटं तरी मिळत होती. मी त्याचं एक केलं होतं, तेही कुलपासकट!

घाबरून मी पासवर्ड तीनदा चुकवला. संगणक म्हणाला, जरा थांबा. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. माझ्याकडे मुळीच नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अर्जदार संस्थेचं नाव..."

गुणाबाई! आमच्या सोसायटीतल्या, कधी शाळेत न गेलेल्या. दुपारपासून पाच वेळा ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं! त्या काळ्या पडद्यापुढे हात जोडून ओळीमागून ओळ म्हणत गेल्या, आणि सगळे "हो" म्हणत गेले. बारा ओळी, न अडखळता!

"पुढचं मले नाई येत. तिथवर ही पोरगी कधी पोचलीच नाई."

तोवर मी पासवर्ड टाकला, कंट्रोल आणि सी दाबून माझाच हुकूम मोडला आणि उरलेल्या तीन ओळी वाचल्या. हो, हो, हो! बटण. तीन छप्पन.

अर्ज गेला! टाळ्या पडल्या, गुणाबाईंना. चहाही पहिला त्यांनाच. मी संगणक बंद करायला पुढे झाले, तर झाडूभाऊंनी माझा हात अलगद बाजूला केला.

बाबा मला गाडीवर घेऊन घरी निघाले. घर दिसायला लागल्यावर म्हणाले, "आचल, तुह्या मायनं नवा मिक्सर आनला आहे."

"हो ना, बाबा!"

"तो बटनानंच चालू करजो."